‘मौन’ कलेक्शनचे बारा जोड

निशनं चप्पल उचलली, नाकाला लावली आणि डोळे मिटले.

“ऑथेंटिक,” तो म्हणाला.

सातपुते मामांनी माझ्याकडे पाहिलं. “काय झालं ओ ताई? वास मारायलाय काय?”

“नाही मामा, आवडलीय त्यांना.”

“मग हुंगायलेत कशापायी? पायात घालून बगा म्हणावं.”

निशनं डोळे उघडले, पण चप्पल पायात घातली नाही. त्याच्या पायात इटालियन बूट होते आणि ते काढायला दहा मिनिटं लागायची. त्यानं फक्त चपलेच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि मला इंग्रजीत सांगितलं की या वस्तूत एक प्रामाणिकपणा आहे. मी मान डोलावली. मान डोलावण्याचेच पैसे मला मिळायचे.

वीस-बावीस वर्षं झाली याला. मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ‘टाचणी’ नावाचं सदर लिहायचे. मृदुला आगटे, फॅशन-तज्ज्ञ. लोकांनी काय घालावं हे मी दर रविवारी सांगायचे आणि सोमवारी लोक त्यांना हवं तेच घालून कामाला जायचे. परदेशात चार ऋतू असतात म्हणून फॅशनचेही चार. आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा आणि लग्नसराई. तरीसुद्धा ऑक्टोबरच्या उकाड्यात, ब्लाउज पाठीला चिकटलेलं असताना, मी ‘ऑटम-विंटर’वर आठशे शब्द पाडायचे. त्या वर्षी टोकदार बुटांची साथ आली होती. मी लिहिलं की या बुटांचा एकच उपयोग, भिंतीच्या कोपऱ्यातलं झुरळ मारता येतं. पत्रांचा पाऊस पडला. त्याच आठवड्यात मी तसलाच एक जोड घेतला. करंगळीला फोड आला, तो महिनाभर मिरवला.

आणि निश म्हणजे निशिकांत कारखानीस. आमच्याच आळीतला. त्याची आई फॉल-पिको करायची, माझ्या आईच्या निम्म्या साड्यांना तिनंच फॉल लावला होता. लंडनला दोन वर्षं राहून आल्यावर याच्या नावातला ‘कांत’ गळाला. आडनाव बहुधा विमानतळावरच कस्टमवाल्यांनी काढून घेतलं असावं. पण काही म्हणा, त्याचं नाव झालं होतं. हिरोइनी त्याचे कपडे घालायच्या आणि तो पुण्यात येऊन आईच्या हातची आमटी खायचा, ही दुसरी बातमी कुणाला कळू द्यायचा नाही.

पुढच्या जानेवारीत त्याचा पुण्यात पहिला मोठा शो होता. कलेक्शनचं नाव ‘मौन’. पांढरट खादीचे बारा पोशाख. पांढरट म्हणायचं नाही बरं, ‘बोन’ म्हणायचं. शो संगीताशिवाय. निवेदनही मोजून पाच वाक्यं. बाकी सगळं कापड बोलणार. ती पाच वाक्यं बोलायला त्यानं मला घेतलं होतं, आणि पुण्यातलं जमलं तर मुंबईचा शोही माझाच, असं कबूल केलं होतं. मुंबईचा शो म्हणजे काय हे पुरवणीत आठशे शब्द पाडणाऱ्या बाईला विचारा. मी त्या जानेवारीची वाट बघत रात्रंदिवस इंग्रजी उच्चार घोटत होते.

‘मौन’ला पादत्राणं हवी होती. कोल्हापुरी घे, असं मी सुचवलं. मामांची ओळख माझीच, एका लेखाच्या निमित्तानं झालेली. त्यांचं दुकान नव्हतं. कोल्हापूरच्या सुभाषनगरात दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत ते आणि इंदाक्का समोरासमोर बसायचे. कातडं कापणं, तळ शिवणं मामांचं. पट्ट्यांच्या बारीक वेण्या घालणं इंदाक्काचं. कापसाच्या वातीइतकं बारीक कातडं, पण बाईची नजर हातावर नसायचीच, समोरच्या माणसावर असायची.

“बारा जोड,” निश म्हणाला. “जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी. रंग नॅचरल. गोंडा नको, जर नको, काहीच नको. प्लेन. अगदी शांत.”

“शांत म्हंजे?” मामांनी विचारलं.

“शांत म्हणजे शांत, मामा,” मी म्हटलं. “साधी.”

“करूया की. दर बी तुमीच लावा.” मामांनी हातातली आरी खाली ठेवली. “माजं एकच म्हननं हाय.”

निशनं भुवया उंचावल्या. त्या त्यानं कोरून घेतलेल्या होत्या.

“चाळीस वर्सं झाली चपला करतोय. दुकानदार घिऊन जात्यात, तळाला त्येंचा शिक्का मारत्यात. माजी चप्पल अमेरिकंला गेलीया म्हनं, आनि मी अजून मिरजंच्या फुडं गेलो न्हाई. गल्लीत सांगितलं तर पोरं हासत्यात. म्हातारं फेकतंय म्हनत्यात. तर तितं तुमच्या त्या शोमदी चार मान्सांत माजं नाव घ्या. मोट्यानं घ्या. बास. दुसरं काय बी नगं.”

“शुअर,” निश म्हणाला. “व्हाय नॉट? क्राफ्ट पार्टनर म्हणून घेऊ.”

“माइक माझ्याच हातात असणार आहे, मामा,” मी म्हटलं. मला कुणी विचारलंही नव्हतं, पण मला मोठेपणा मिरवायची खोड. “मी स्वतः घेईन तुमचं नाव. शब्द देते.”

इंदाक्कानं वेणी न थांबवता मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझ्या टोकदार बुटांपाशी जरा जास्त वेळ थांबली.

“पुरं नाव घ्या,” ती म्हणाली. “निस्तं सातपुते म्हनू नगा. गल्लीत सात घरं हायती सातपुत्यांची, समदीच उठून बसतील.”

मी पर्समधून कार्ड काढून पुरं नाव लिहून घेतलं. गाडीत बसल्यावर निश म्हणाला, “हाऊ स्वीट! नाव हवंय बिचाऱ्याला.” आणि मग कोल्हापूर ते सातारा हाच माणूस मला सांगत होता की शोच्या पडद्यावर त्याचं नाव किती फुटी अक्षरात हवं.

ठरलेल्या शनिवारी दुपारी चारचा शो. ‘स्प्रिंग-समर’. पुण्यात त्या दिवशी हुडहुडी भरत होती आणि बायका बिनबाह्यांचे कपडे घालून धीरानं कुडकुडत होत्या. हॉटेलच्या फाटकावर वॉचमननं कुणा म्हातारा-म्हातारीला अडवून ठेवल्याचं मला कळलं तेव्हा दोन वाजले होते. धावत गेले. मामा डोक्याला गुलाबी पटका बांधून, खोकं छातीशी धरून उभे. इंदाक्का नव्या हिरव्या इरकलीत. वॉचमन त्यांना मागच्या दारानं जायला सांगत होता आणि इंदाक्का त्याला विचारत होती, “म्होरलं दार कुनासाठी ठेवलंया मग?”

त्यांना आत आणलं. हॉलच्या दाराशी गालिचा बघून दोघांनीही पायातल्या चपला काढल्या.

“मामा, राहू द्या. आत घालून चालतं.”

“आसू दे ओ. लोकांचा गालिचा.”

मागून टोकदार बुटांची एक झुंड त्याच गालिच्यावरून टकटक करत आत गेली. मी दोघांना चौथ्या रांगेत बसवलं. खुर्चीवर ‘राखीव’ असा कागद होता, तो मामांनी घडी घालून खिशात ठेवला.

“ताई,” ते माझ्या कानाशी आले. चेहरा असा फुललेला, की घरात बारसं असावं. “एक गंमत केलीया. आता सांगत न्हाई. कळंलच.”

“कसली गंमत?”

“बगा की. मानसं खुर्चीवरनं उठतील.”

मला वाटलं, चपलांना लपूनछपून गोंडा लावला असेल. खोकं उघडून बघितलं. नाही. बारा जोड, मधासारख्या रंगाचे, एक टाका इकडचा तिकडं नाही. निशनंसुद्धा एक जोड हातात घेऊन दोनदा उलटून पाहिला. मुलींनी रंगीत तालीम आदल्या दिवशी आपापल्या चपलांवर केली होती. या नव्या चपला त्यांनी आत, जाड गालिच्यावर उभं राहून पायात घातल्या, आणि आम्ही पडद्यामागे रांगेत उभे राहिलो.

दिवे मंद झाले. मी माइकसमोर गेले आणि लंडनहून परवाच परतल्यासारखं म्हटलं, “लेडीज अँड जेंटलमन, सायलेन्स इज द न्यू लग्झरी.” हे वाक्य निशचं. यावर त्यानं दोन आठवडे घालवले होते.

लाकडी रॅम्प. तीनशे माणसं श्वास धरून. पहिली मुलगी बाहेर आली. उंच, हाडकुळी, अन्नावरची वासना उडाल्यासारखा चेहरा.

कर्र.

सगळ्यांनी रॅम्पकडे पाहिलं. फळी सुटली असणार.

कर्र. कर्र. कर्र.

मुलगी थबकली, खाली बघायची फार इच्छा झाली तिला, पण शिक्षण तसं नव्हतं. चालत राहिली. मागून दुसरी आली. कर्र-कर्र. तिसरी. पाचव्या मुलीपर्यंत हॉलमध्ये असा आवाज घुमत होता, जणू बारा घरचे झोपाळे एकदम सुरू झाले. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर रुमाल धरला. तिच्या शेजारणीनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि दोघी गदागदा हलू लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, “तेल घाला रे!” मग हशा फुटला.

मी चौथ्या रांगेकडे पाहिलं. मामा खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते आणि इंदाक्काला कोपरानं ढोसत होते. ते हसणाऱ्या लोकांकडे बघून हसत होते. त्यांना वाटत होतं, लोक खूश झालेत.

पहिली फेरी संपली. मध्ये आठ मिनिटांची सुट्टी होती. पडद्यामागे निश पांढरा पडला होता. बोन म्हणायचं.

“मृदुला! व्हॉट द हेल इज दॅट?”

“मला नाही माहीत.”

“तू फूटवेअरवर लिहितेस ना सहा वर्षं?”

लिहीत होते. सहा वर्षं चपलांवर, बुटांवर, टाचांवर, आणि कोल्हापुरी चप्पल का वाजते हे मला ठाऊक नव्हतं. मी धावत चौथ्या रांगेत गेले.

“मामा, आवाज कसला येतोय?”

“आला न्हवं? समद्या बाराच्या बारा?” मामांनी मोजूनच ऐकलं होतं. “विंचू घातलाय, ताई.”

“काय घातलंय?”

“अवो, विंचू म्हंजे बी. रानातलं वाळल्यालं बी. दोन तळांच्या मदी बसवायचं आसतंय, मग चप्पल करकरती. आमच्याकडं पैलवान, पाटील, नवरदेव, आसली मानसं मागून घेत्यात. आपून यायच्या आदी आपला आवाज यावा. समद्यास्नी जमत न्हाई ते. येक जरी बी हिकडं-तिकडं झालं की चप्पल मुकी. तुमी नुस्ती साधी सांगितलीसा, पर माज्या मनानं घेईना. माजं नाव घेनार, आनि चप्पल मुकी? म्हनून घातला. वर काय मागत न्हाई त्येचं. आपल्याकडनं.”

“आट दिवस झोपलं न्हाईत,” इंदाक्का म्हणाली. एवढंच.

मी परत पडद्यामागे गेले आणि निशला सांगितलं. तो ऐकत होता आणि हाताच्या बोटातली अंगठी गोल गोल फिरवत होता.

“म्हणजे त्यानं हे मुद्दाम केलं? माझ्या ‘मौन’मध्ये?”

“त्यांनी चांगल्यासाठी केलं, निश. त्यांच्याकडे हा मान असतो.”

“मान माय फूट. मुलींना अनवाणी पाठव.”

“रॅम्पला खिळे आहेत म्हणून तूच चपला आणल्यास.”

“मग ठीक. त्याला नाव हवं होतं ना? घे नाव. शेवटी अनाउन्स कर. सांग की फूटवेअर अमुक-अमुक यांनी पुरवलं, आणि त्यात निघालेल्या दोषाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मोठ्यानं सांग.”

“हे मी नाही म्हणणार.”

“मुंबईला म्हणणारी दुसरी मिळेल,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, हसून म्हणाला. आईकडून त्यानं एवढंच घेतलं होतं, टोचताना हात हलू न देणं.

दुसरी फेरी सुरू झाली. मी माइकजवळ उभी होते. हातात ते कोल्हापूरचं कार्ड, घामानं ओलं. काय करायचं हे मी ठरवत होते आणि ठरवायला फार वेळ नव्हता. दोष म्हणून नाव घ्यायचं नाही, हे मात्र नक्की होतं. एवढी मी धीट होते. नुसतं नाव घेऊन टाकायचं, पुढं निश काय करायचं ते करो. हो, असंच ठरवलं होतं. आजही शपथेवर सांगेन.

बारा मुली एकदम रॅम्पवर आल्या. चोवीस चपला. हशाची लाट पुन्हा उठणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. दिल्लीच्या एका मोठ्या मासिकाच्या संपादक होत्या त्या. पांढरे केस, गळ्यात रुद्राक्ष आणि मोती एकाच माळेत. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“लिसन!” त्या म्हणाल्या. “माय गॉड, लिसन! इट्स द अर्थ स्पीकिंग!”

आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

मग काय विचारता! ज्यांनी मघाशी रुमाल तोंडात कोंबले होते त्यांनी तेच रुमाल डोळ्यांना लावले. ‘तेल घाला’ म्हणणारा गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होता की हे अंगावर काटा आणणारं आहे. एक बाई डोळे मिटून, मान डोलवत करकर ऐकत होती, हातानं ठेका धरून. तीनशे माणसं उठून उभी. खुर्चीवरून उठतील, म्हणाले होते मामा.

निश पडद्यामागून बाहेर आला. छातीवर हात, मान किंचित झुकलेली. माझ्यासमोरचा दुसरा माइक त्यानं घेतला.

“थँक यू. इट टुक मी एट मंथ्स टु फाइंड दॅट साउंड.”

आठ महिने! आठ मिनिटांपूर्वी या माणसाला विंचू म्हणजे काय ते मी सांगितलं होतं. लोक परत खुर्च्यांवर बसले. तो मौनाच्या आतल्या आवाजाबद्दल बोलला, मातीच्या हुंकाराबद्दल बोलला, आजीच्या अंगणाबद्दलसुद्धा बोलला. याची आजी दादरला तिसऱ्या मजल्यावर राहायची. मग त्यानं माझ्याकडे वळून हात केला. शेवटचं वाक्य माझं होतं.

कार्ड माझ्या हातात. समोर चौथी रांग. मामांनी पटका नीट केला होता आणि खुर्चीतून अर्धे उठले होते. नाव घेतलं की पुरतं उठायचं, हात जोडायचे, हे त्यांनी एसटीत ठरवलं असणार. इंदाक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. निश माझ्याकडे बघत होता, हसरा. पहिल्या रांगेतल्या दिल्लीच्या बाईसुद्धा माझ्याकडे बघत होत्या, आणि माझ्या मनात आलं, यांच्या मासिकात लिहायला मिळालं तर!

“कन्सेप्ट, क्लोद अँड फूटवेअर,” मी म्हटलं. माझा उच्चार त्या दिवशीचा सगळ्यात चांगला होता. “बाय निश!”

टाळ्यांनी हॉल हादरला. आणि मामा उठले. त्यांना वाटलं, हेच ते. स्टेजकडे पाठ करून त्यांनी मागच्या रांगांना हात जोडले, मग डावीकडे, मग उजवीकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारचा एक तरुण वाकून, मान वाकडी करून, त्यांच्या पटक्याआडून निशला बघायची खटपट करत होता.

मी स्टेजवरच उभी राहिले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तोंडावर हसू तसंच होतं. कॅमेरे होते ना.

नंतर चहापाण्याच्या गर्दीत मामांनी मला गाठलं. हातात कागदी बशी, बशीत कसलातरी नखाएवढा विलायती पदार्थ. त्यांनी तो खाल्ला नव्हता.

“ताई, इंग्रजीत घेतलंसा न्हवं?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज जरा दबका होता. एवढ्या वेळात काहीतरी शंका मनात आली असावी, आणि तिच्यावर उपायही त्यांनीच शोधून आणला होता.

“हो मामा,” मी म्हटलं. “इंग्रजीत घेतलं.”

“मला ‘सातपुते’ आईकू आलं न्हाई,” इंदाक्का म्हणाली.

“अगं, इंग्रजीत उच्चार बदलतोय नावाचा,” मामा म्हणाले. “व्हय का न्हाई ओ ताई?”

“हो. बदलतो.”

इंदाक्कानं बशी त्यांच्या हातातून घेतली, टेबलावर ठेवली आणि पदर खोचला. “चला. साडेसातची यष्टी हाय.”

मामा दोन पावलं जाऊन परत आले. “गल्लीत इंग्रजीचं कोन मानतंय? तवा तुमच्या रविवारच्या पेपरात मराठीत लिवा. म्हंजे दारावर लावतो.”

“लिहिते,” मी म्हटलं. “नक्की लिहिते.”

लिहायला बसले, हे खरं. पहिलं वाक्य मामांच्या नावानंच सुरू केलं. मग वाटलं, दुसऱ्या परिच्छेदात घ्यावं, पहिल्यात निश हवा. मग वाटलं, नाव घेतलं की विंचू आला, विंचू आला की आठ महिन्यांचा बार फुसका निघाला, आणि मग मुंबई गेली. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की संपादकांनी ते नाव कापलं. जागा नव्हती, जाहिरात आली, वगैरे. कुणी कापलं नाही. संपादक माझं सदर वाचतसुद्धा नव्हते. मीच नाव काढलं, आणि त्या जागी लिहिलं की या मोसमात शांततेला आवाज फुटला आहे, तो निशनं शोधला आहे. ‘टाचणी’चा तो सगळ्यात गाजलेला लेख. महिन्याभरात लक्ष्मी रोडवर करकरणाऱ्या चपलांचे ढीग लागले, त्यातल्या निम्म्यांत प्लॅस्टिकची पिपाणी होती. मुंबईचा शो मीच केला.

लेख छापून आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, ऑफिसात फोन आला होता.

“ताई, मी सातपुते बोलतोय. कोपऱ्यावरच्या बूथवरनं.” मागं बरीच माणसं बोलत असल्याचा आवाज येत होता. मामा मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलत होते. “आमच्या कोल्हापूरच्या पेपरात ते आलं न्हाई बगा. न्हाव्याच्या दुकानात पेपर बगितला, वाचनालयात बगितला. पुन्याच्या पेपरात आलं आसंल न्हवं? वायलं वायलं छापत्यात म्हनं.”

खरंच वेगवेगळं छापायचे. प्रत्येक आवृत्तीची पुरवणी निराळी असायची, फक्त माझं सदर सगळीकडे तेच. मामांना ते ठाऊक नव्हतं. किंवा होतं. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. सांगून टाकावं, पाया पडावं, असं सगळं मनातल्या मनातच आलं.

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. तोंड फोनला चिकटवून बोलत असावेत.

“ताई. हितं समदी गल्ली हुबी हाय माज्याबरोबर. हो म्हना.”

मी डोळे मिटले.

“आलं असंल न्हवं पुन्याला?” त्यांनी पुन्हा मोठ्यानं विचारलं.

“हो, मामा,” मी म्हटलं. “पुण्याच्या आवृत्तीत आलंय.”

“आलंय म्हनत्यात!” ते मागं वळून ओरडले. कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणीतरी “लई भारी!” म्हणालं. इंदाक्काचा आवाज त्यात नव्हता.

“मग त्यो येक पेपर धाडून द्या,” मामा म्हणाले. “पत्ता घ्या लिवून. घेतासा?”

“घेते.”

पत्ता माझ्याकडे होता. त्यांनाही ते माहीत होतं. तरी त्यांनी घसा साफ केला. मागची कुजबुज थांबली, गल्ली ऐकायला लागली.

“यशवंत,” ते म्हणाले. थांबले. “गनपती. सातपुते. चप्पल कारागीर. लिवलं?”

“लिहिलं, मामा.”

“परत एकदा सांगतो,” ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी मोठ्यानं, सावकाश, पुरं नाव पुन्हा घेतलं.